प्रभाताई गेल्या, आणि आक्काला सांगायचं राहिलं

रातपाळी · १४ जानेवारी २०२४, सकाळी ६.१०

काल पहाटे पुण्यात प्रभाताई अत्रे गेल्या. वय ९१. कालच मुंबईत त्यांचं गाणं ठरलेलं होतं. नव्वदी उलटलेली बाई गाण्याला निघायच्या दिवशी जाते, हे ऐकून मी बराच वेळ ओट्यापाशी उभीच राहिले. दूध उतू गेलं. मग फोन हातात घेतला आणि लक्षात आलं की ज्या नंबरवर ही बातमी सांगायची, तो नंबर बंद होऊन चौदा वर्षं झालीत.

तो नंबर आक्काचा. आक्का म्हणजे माझी आत्या, बाबांची थोरली बहीण. मिरजेत ब्राह्मणपुरीत आमचं घर. आक्का टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे आम्ही कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

ज्यांनी ट्रंक कॉलचा जमाना पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. परगावी बोलायचं तर आधी एक्स्चेंजला फोन करून कॉल बुक करायचा. ऑर्डिनरी, अर्जंट किंवा लाइटनिंग. ऑर्डिनरीला कधीकधी सकाळची दुपार व्हायची. ऑपरेटर बायका कानाला हेडफोन लावून बोर्डासमोर ओळीनं बसलेल्या. दिवा लागला की दोरी ओढून पिन भोकात खुपसायची, "नंबर प्लीज". रात्री गावातून येणारे कॉल म्हणजे बहुतेक कुणीतरी गेल्याचे किंवा कुणीतरी जन्मल्याचे. लाइन लागली का बघायला थोडं ऐकावंच लागायचं, त्यामुळे दोन्ही बातम्या घरच्यांच्या आधी कधीकधी आक्काच्या कानावर पडायच्या. घरी येऊन ती कधी एक अक्षर बोलली नाही.

रात्रपाळी करून ती सकाळी घरी यायची. हातपाय धुवायची, चहा घ्यायची आणि मधल्या खोलीत एचएमव्हीच्या लाल फिएस्टा रेकॉर्ड प्लेअरवर तबकडी लावायची. एकच. प्रभाताईंची मारुबिहाग आणि कलावतीची. एका बाजूला मारुबिहाग, दुसऱ्या बाजूला कलावती. इरकलीच्या जुन्या तुकड्यानं ती तबकडी पुसायची, कडेकडेनं, मधल्या कागदाला बोट न लावता. "जागू मैं सारी रैना" सुरू झालं की आम्ही मुलं दप्तरं भरत असायचो.

मी शाळेत पेटी शिकत होते, नवीन नवीन शहाणपण आलेलं. एकदा म्हटलं, "आक्का, मारुबिहाग रात्रीचा राग ना? तू सकाळी सातला काय ऐकतीयस?"

ती म्हणाली, "तुमची सकाळ झाली गं. माझी रात्र आत्ता सुरू होतीय."

त्या बंदिशीत अस्ताईवर, म्हणजे पहिल्या भागावर, परत येताना तबकडीला एक चरा होता. सुई तिथं अडायची. आक्का डोळे मिटून पडलेली असायची, पण ती जागा यायच्या आत तिचा हात पुढं गेलेला असायचा. उजव्या करंगळीच्या नखानं ती सुईची दांडी एवढीशी उचलायची आणि पुढच्या आवर्तनात सोडायची. कधी चुकली नाही. पुढं मी ही बंदिश कॅसेटवर ऐकली, सीडीवर ऐकली, आता मोबाइलवर ऐकते. चरा कुठंच नाही. पण ती जागा आली की माझी करंगळी अजून हलते. काल दिवसभरात चार वेळा हलली.

तिचा एक तंबोरा होता. जनानी, म्हणजे बायकांच्या आवाजाचा. पहिला बोनस मिळाला तेव्हा सतारमेकर गल्लीतून करून घेतलेला. मिरजेत तंबोरा घेणं म्हणजे इतर गावात तांब्याची घागर घेण्यासारखं आहे, त्यात मोठेपणा काही नाही. पण पगारातून पैसे साठवून बाईनं स्वतःसाठी घेतलेली आमच्या घरातली ती पहिली वस्तू, असं आजी सांगायची. भोपळा निवडायला ती स्वतः गेली होती. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे माळ्यावर वाळत टांगलेले असतात, त्यातला एक तिनं टकटक वाजवून घेतला. तंबोरा लावताना कायम उजवा कान तारांकडं. डाव्या कानात हेडफोनची खरखर भरलीय, म्हणायची.

गायची ती, पण दार लोटून. काही वर्षं गावातच शिकली होती, मग ड्युटीच्या वेळा जमेनात. बाहेर कधी गायली नाही. आवाज ओळखण्याचं मात्र वेड. मिरज-सांगलीतली निम्मी माणसं तिला चेहऱ्यानं नाही, आवाजानं माहीत होती. भाजी घेताना कुणी बोललं की ही हळूच मला सांगायची, "हे तीनशे बारा." प्रभाताईंबद्दल म्हणायची, "या बाईचा आवाज मी पावसाळ्यातल्या ट्रंक लाइनवरसुद्धा ओळखेन."

मी नोकरीला पुण्यात आले. आक्का निवृत्त झाल्यावर एका डिसेंबरात तिला रमणबागेत सवाई गंधर्व महोत्सवाला नेलं. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून ती एसटीनं आली होती, घोंगडी घेऊन. प्रभाताईंचं गाणं संपलं, लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. आक्कानं टाळ्या वाजवल्या नाहीत. घोंगडीची घडी घालत बसली. चार घड्या घातल्या, मोडल्या, परत घातल्या. परतीच्या रिक्षात एवढंच म्हणाली, "आता तबकडी नसली तरी चालेल."

पुढं तिचे गुडघे गेले. मग मी ऐकून यायचं आणि रात्री फोनवर सांगायचं, असं ठरलं. तिचे चार प्रश्न असत आणि ते त्याच क्रमानं येत. आवाज कधी लागला? तंबोरे कसे होते? काय गायल्या? सरगम केली का, म्हणजे शब्दांऐवजी सा-रे-ग-म अशी स्वरांची नावं घेऊन गायल्या का? चौथ्याला "हो" म्हटलं की पलीकडून "हं" असा आवाज यायचा, पोटभर जेवल्यासारखा.

२००९ च्या उन्हाळ्यात आक्का गेली. त्यानंतरही मी जातच राहिले. भीमसेनजींनंतर सवाईची सांगता प्रभाताईंच्या गाण्यानं व्हायला लागली, आणि मी शेवटच्या दिवशी शेवटपर्यंत बसायची. घरी आले की वहीत चार ओळी. आवाज, तंबोरे, राग, सरगम. कुणी विचारणारं नव्हतं, पण उत्तरं मी चुकवली नाहीत. आक्कासाठी ऐकत होते. तिच्या वाटणीचं गाणं कुठंतरी चालू आहे आणि मी ते तिच्यापर्यंत पोचवतेय, असं मनात कायम होतं. त्यामुळे ती पूर्ण गेलीय असं मला आजवर कधी वाटलंच नव्हतं.

काल वही काढली. आता लिहायचं काय?

तुमचंही असं कुणी असेल तर लिहा. आज मला तेच वाचत बसायचंय.

---

साधा_श्रोता · १४ जानेवारी, ८.३२

रातपाळीताई, ऑफिसला निघालो होतो, वाचून खाली बसलो. आमच्याकडे ही जागा आजोबांची, आणि गाणारे भीमसेनजी. २४ जानेवारी २०११ ला बातमी आली तेव्हा आजोबा होते, ८४ वर्षांचे. रेडिओ बंद केला आणि म्हणाले, "आज अंघोळ करायला हवी." सुतकाची अंघोळ. घरात कुणी हसलं नाही. आजीनं पाणी तापवलं.

---

पेटीवाला · १४ जानेवारी, ९.१५

तुमच्या आक्कांना सरगम का आवडायची, त्याचं एक कारण मिरजेतच आहे, म्हणून लिहितो.

प्रभाताई आधी सुरेशबाबू मान्यांकडं शिकल्या. १९५३ मध्ये सुरेशबाबू गेले, मग हिराबाई बडोदेकरांकडं. ही दोघं भावंडं म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांची मुलं. खाँसाहेब मिरजेत राहिले आणि तिथंच मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे. त्यांचा कर्नाटक संगीताकडं ओढा होता, आणि ख्यालात सरगम गाण्याची त्यांची रीत तिकडच्या स्वरगायनाच्या संगतीतली मानतात. प्रभाताईंनी डॉक्टरेट केली तीही सरगमवरच. आमीर खाँ आणि बडे गुलाम अली खाँ यांचा आपल्या गाण्यावरचा प्रभाव त्या मोकळेपणानं सांगत. बरेच लोक सरगमला नुसती कसरत म्हणून नाक मुरडायचे. प्रभाताईंचं म्हणणं, तीही रागाचं बोलणंच आहे, शब्द आणि आकाराइतकंच हक्काचं.

गंमत बघा, कलावती हा रागही आपल्याकडं कर्नाटकातूनच आला. रिषभ नाही, मध्यम नाही, पाच स्वरांचा कारभार. म्हणजे तुमच्या घरातल्या त्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूला मिरजेच्या दर्ग्यापासून दक्षिणेपर्यंतचा रस्ता होता. आणि "जागू मैं" काय किंवा कलावतीतली "तन मन धन" काय, दोन्ही बंदिशी ताईंच्या स्वतःच्या.

माझ्या आयुष्यात आक्का नाही. पण एक काका होते, त्यांना प्रभाताई आवडायच्या नाहीत. "सरगम आली की राग बाहेर जाऊन बसतो," म्हणायचे. तीस वर्षं आम्ही यावर भांडलो. काल मला त्यांच्याशी भांडायचं होतं.

---

रातपाळी · १४ जानेवारी, ९.४०

पेटीवाला, दर्ग्यातल्या चिंचेखाली उरसाला गाणं होतं तिथं आक्का मला लहानपणी न्यायची. झाड दाखवून म्हणायची, "इथं नीट बस, इथं गाणाऱ्यालाच घाबरायला होतं." या ओळीत प्रभाताईंना मी कधी बसवलंच नव्हतं. आज तुमच्यामुळे बसल्या.

काकांशी भांडा. मोठ्यानं भांडा.

---

सांगे_वाडा · १४ जानेवारी, २२.०५

गोव्यातून लिहितेय. माझी आजी कुर्डीची. सांगे तालुक्यातलं हे गाव साळावली धरणात गेलं. गाव उठलं तेव्हा आजीला वालकिणीला घर मिळालं. तिथं ती तीस वर्षं राहिली आणि तीस वर्षं "आमचो गांव" म्हटलं की तिचा हात पाण्याकडंच जायचा.

गायिका मोगूबाई कुर्डीकर याच गावच्या. आजीला गाण्यातलं काही कळत नव्हतं. रागाचं नाव एक सांगता यायचं नाही. पण रेडिओवर मोगूबाई किंवा त्यांची लेक किशोरीताई आमोणकर लागल्या की चुलीवरचं भांडं उतरवून ठेवायची. "आमच्या गांवची बाय गायता." किशोरीताई मुंबईत वाढल्या, हे तिला सांगून उपयोग नव्हता. तिच्या लेखी गाव बुडालं तरी आवाज वर राहिला होता.

३ एप्रिल २०१७ ला किशोरीताई गेल्या. आजीला सांगावं की नाही यावर घरात चर्चा झाली. शेवटी मी सांगितलं. तिनं विचारलं, "मे म्हयन्यांत उदक देंवतलें मगो?" म्हणजे मे महिन्यात पाणी उतरेल ना. धरणाचं पाणी आटलं की दरवर्षी कुर्डी थोडे दिवस वर येतं. घरांचे चौथरे, देवळाची जागा, वाळलेल्या चिखलातले माडांचे बुंधे. उठून गेलेले सगळे सोमेश्वराच्या उत्सवाला जमतात. त्या मे महिन्यात आजी हट्टानं आली. तिला धरून चालवत नेलं. मोगूबाईंच्या घराची म्हणून लोक दाखवतात त्या जागी उभी राहिली आणि पदराच्या टोकाला बांधून आणलेली अबोलीची वेणी तिथं ठेवली. चिखलाला भेगा होत्या, एका भेगेत ती वेणी हळूहळू घसरत गेली. आजी बघत राहिली. काढू म्हटलं तर नको म्हणाली.

जूनमध्ये पाऊस आला आणि गाव परत खाली गेलं. आजी दोन वर्षांनी गेली.

---

दूरदेशी · १५ जानेवारी, ३.२०

न्यू जर्सीहून. इथं रात्र आहे आणि मी सगळा धागा दोनदा वाचला. आईची आठवण आली एवढंच लिहू शकते. बाकी नंतर.

---

साधा_श्रोता · १५ जानेवारी, ७.५५

रातपाळीताई, एक विचारू? तंबोरा कुठं आहे?

---

रातपाळी · १५ जानेवारी, ८.२०

माझ्याकडंच, पुण्यात. कपाटाच्या वर, गवसणीत. दोन तारा तुटल्यात. आक्का गेल्यापासून काढलेला नाही.

---

साधा_श्रोता · १५ जानेवारी, ८.२६

काढा.

---

कृष्णाकाठ · १६ डिसेंबर २०२४, ११.४८

धागा वर काढतोय, माफ करा. झाकीरभाई, तबल्याचे झाकीर हुसेन. काल रात्री बातमी आली, मग खोटी आहे म्हणाले, थोडा वेळ बरं वाटलं, आणि आज सकाळी घरच्यांनीच सांगितलं. सॅन फ्रान्सिस्कोत गेले. ७३ वय. याच वर्षी फेब्रुवारीत एका रात्रीत तीन ग्रॅमी घेतल्या होत्या.

माझा मामा एसटीत कंडक्टर होता, सांगोला-पंढरपूर बाजूला. घरी पखवाज वाजवायचा, एकादशीला भजनात. तबल्याचं शिक्षण शून्य. पण टीव्हीवर झाकीर हुसेन चहाच्या जाहिरातीत यायचे तेव्हापासून त्याला त्यांनी पछाडलेलं. ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर त्यांचा कार्यक्रम असला की ड्युटी बदलून घ्यायचा.

सुट्टीत मी त्याच्याबरोबर गाडीत फिरायचो, कंडक्टरच्या सीटशेजारी. तिकिटांचा ट्रे मांडीवर आणि हातात पंच. तिकीट फाडून झालं, गाडी भरली, आता पुढचा थांबा लांब आहे, असं झालं की मामा पंचानं ट्रेच्या कडेवर सुरू व्हायचा. धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. झपताल. पत्र्याच्या कडेवर एक आवाज, तिकिटांच्या गठ्ठ्यावर दुसरा. गठ्ठा जाड असला की तो आवाज बायाँसारखा, डग्ग्यासारखा घुमायचा, म्हणून त्याला सकाळची पहिली फेरी आवडायची, तेव्हा तिकिटं भरपूर शिल्लक असायची. संध्याकाळी गठ्ठे पातळ झाले की म्हणायचा, "आता नुसता दायाँ उरला."

ड्रायव्हर त्याच्या समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, गिअर टाकायचा. देवाशपथ. ठरवून नाही, सवयीनं.

मामानं झाकीरभाईंना समोर एकदाच ऐकलं, पुण्यात. सगळ्यात मागं बसून. परत आल्यावर आठ दिवस त्यानं ट्रेला हात लावला नाही. मामी म्हणाली आजारी आहे का बघा. नवव्या दिवशी पंढरपूरच्या अलीकडं पंच वाजला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तो हळू वाजला. तोपर्यंत मामा गाडीच्या आवाजावर मात करायला जोरात वाजवायचा. त्यानंतर कायम हळूच. जवळ बसलेल्यालाच ऐकू यायचं.

२०२१ मध्ये मामा कोरोनात गेला. शेवटचं बघता आलं नाही, मातीला चारच माणसं होती. तेव्हा सगळंच इतकं भराभर झालं की काही वाटायलाही वेळ मिळाला नाही. आज सकाळी बातमी खरी ठरली आणि मी आमच्या इथल्या स्टँडवर जाऊन बसलो. आता मशीनची तिकिटं, ट्रे नाही, पंच नाही. तरी बसलो. गाड्या लागत होत्या, सुटत होत्या. तासाभरानं घरी आलो.

हे कुठं लिहायचं कळत नव्हतं. मग हा धागा आठवला.

---

पेटीवाला · १६ डिसेंबर, १२.३०

ड्रायव्हर समेवर गिअर टाकायचा. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

---

दूरदेशी · १६ डिसेंबर, १९.१०

जानेवारीत "बाकी नंतर" म्हणाले होते. आई शिवणकाम करायची आणि मशीनच्या पायट्यावर अरुण दाते यांची गाणी म्हणायची. ते २०१८ च्या मे महिन्यात गेले तेव्हा आई जाऊन तीन महिने झाले होते. मला वाटलं होतं, बरं झालं, तिला हे ऐकावं लागलं नाही. आता वाटतं, तिनं ते ऐकायला हवं होतं, आणि मी तिच्याजवळ असायला हवं होतं. एवढंच.

---

रातपाळी · १६ डिसेंबर, २३.४०

कृष्णाकाठ, धागा वर काढलात म्हणून माफी कसली. याच साठी आहे हा.

साधा_श्रोता, तुम्ही जानेवारीत एक शब्द लिहिला होता. मला अकरा महिने लागले. मागच्या आठवड्यात तंबोरा मिरजेला नेला. एसटीनं नेला, शेजारच्या सीटचं तिकीट काढून, खिडकीला टेकवून. सतारमेकर गल्लीत आक्कानं जिथं घेतला त्याच दुकानात. आता तिसरी पिढी बसते. तंबोरा हातात घेऊन त्यांनी आधी भोपळ्यावर बोटं वाजवली आणि म्हणाले, "भोपळा नशिबानं मिळालाय. आता असा मिळायचा नाही."

तारा नव्या घातल्या. मग जवारी काढायला, म्हणजे तारांची गुंज नीट करायला, घोडीवरचे जुने दोरे सोडवले. चारही दोरे हिरवे होते. साधा सुती दोरा नाही, रेशीम. मला ओळखायला वेळ लागला नाही. ज्या इरकलीच्या तुकड्यानं ती तबकडी पुसायची, त्याच्या काठातून उसवून काढलेले. ते म्हणाले, रेशमानं जवारी नीट बसत नाही, सुती घालतो. मी म्हटलं, घाला. हिरवे दोरे मागून घेतले आणि वहीत ठेवले, जिथं शेवटची नोंद आहे त्या पानात.

त्यांनी विचारलं, "सूर कुठला?" काळी चार, म्हटलं. आक्काचा. माझा आवाज तिथं पोचतसुद्धा नाही.

रात्री आमच्या जुन्या घरी, मधल्या खोलीत, तंबोरा घेऊन बसले. आधी डावीकडून धरला होता, मग बाजू बदलली आणि उजवा कान तारांकडं केला. जोड लागली. खर्ज लागला. पंचम पाच मिनिटांत उतरला. परत लावला.